विकतचा थेंब

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही धड कळत नाही.

बाबांच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही जयपूरला आलो आणि इथलेच झालो. जगतपुऱ्यातल्या एका कॉलेजात मी पीएच.डी. करत होते. दह्यातले जिवाणू वाढवायचे, फोडायचे आणि दुधातली साखर पचवणारं त्यांच्यातलं एन्झाइम शुद्ध करून वेगळं काढायचं — हे माझं काम. दही यायचं जयपूरजवळच्या आमेरहून, सुनीताच्या घरचं. सुनीता माझी ज्युनियर. तिच्या घरातून कॉलेजात आलेली पहिलीच मुलगी.

मे महिना होता. एन्झाइमला उष्णता सोसत नाही, सगळं बर्फावर करावं लागतं. आणि मी — मी नळ्या टेबलावर तशाच ठेवून बाहेर फोनवर बोलत राहिले. लग्न ठरलं होतं माझं. परत येऊन चाचणी केली. एन्झाइम चांगलं असेल तर नळीत पिवळा रंग यायला हवा होता. आला नाही. कित्येक आठवड्यांची मेहनत गेली, आणि माझे गाइड सर निकाल बघायला येण्याच्या बेतात. काय झालं असतं खरं सांगून? ओरडले असते. एवढंच ना?

तुलनेसाठी विकत आणलेल्या एन्झाइमची बाटली फ्रीजमध्ये होती. त्यातला थेंब मी माझ्या नळीत टाकला. गडद पिवळा रंग आला. सर खूश झाले.

पण माझी चूक एवढीच असती तर —

पुढचं काम सरांनी सुनीताला दिलं. माझ्याइतका रंग तिला यायलाच हवा, असं धरून. तिला फिकट पिवळा यायचा. तोच खरा होता, हे फक्त मला ठाऊक होतं. ती पुन्हापुन्हा करत राहिली. वाळत गेली. एकदा म्हणाली, "दीदी, एक बार मेरे सामने करके दिखा दो ना."

मी काय म्हटलं असेल? "तू बर्फ नीट वापरत नाहीस."

हो. हे मी म्हटलं.

सरांनी सगळ्यांसमोर तिला सुनावलं, हे काम तुझ्याच्याने व्हायचं नाही. मी तिथेच उभी होते. त्या पावसाळ्यात तिने पीएच.डी. सोडली.

मला पदवी मिळाली, त्याच कॉलेजात नोकरीही. मागच्या वर्षी ती भाचीच्या ॲडमिशनसाठी आली होती. भाचीला म्हणाली, "मन लगाकर सीखना दीदी से. मुझसे तो हुआ नहीं."

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? मी त्या दोघींसाठी चहा सांगितला आणि भाचीचे मार्क विचारले.

ती मुलगी आता माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसते. मी सांगेन ते सगळं उतरवून घेते.