बिनपासवर्डची वेल

पवनीच्या आमच्या विणकर संस्थेत नवे कॉम्प्युटर आले तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या डब्यांत फायली साठवायला डिस्कच नाही! मी काढलेले साडीचे काठ राहणार अध्यक्षांच्या खोलीतल्या एका मोठ्या मशीनवर, आणि शेजारच्या डब्यावर बसणार संस्थेचे सचिव, म्हणजे माझे चुलत दीर. दोघांच्याही घरी माग. ज्याचा काठ निवडला जाईल त्याच्याच मागाला हंगामभर काम, आणि आमचा माग तर दिवाळीपासून मुका पडलेला.

मशीन बसवणाऱ्यानं फायली ठेवायच्या तीन तऱ्हा सांगितल्या. एनएफएस झटकन उघडतं, पण डबा माणसाचा जो नंबर सांगेल तोच खरा मानून, पासवर्ड न विचारता आत घेतं. सांबा प्रत्येकाला पासवर्ड विचारतं. एसएसएचएफएस वाटेतसुद्धा सगळं झाकून नेतं, पण मोठं चित्र उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. मी म्हटलं, सांबा. भाऊजी हसले.

"घरच्याइले कायचा पासवर्ड, वहिनी?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे कपाटाला कुलूप लावलं तरी माणसं तोंड फिरवतात. आलं एनएफएस.

गोडगोड बोलणं मला कधी पचलं नाही. नवी वेल काढताना मी एक पान मुद्दाम उलटं ठेवलं, खरी वेल घरी कागदावर काढली, आणि डोळ्यांत तेल घालून बसले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भाऊजींच्या घरी गेले. त्यांची आई, म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, मागावर होत्या आणि कापडावर माझी वेल, उलट्या पानासकट. अंगाचा नुसता तिळपापड झाला. भाऊजींना विचारलं, तर म्हणे फाईल उघडीच होती, आवडली म्हणून घेतली. चोर तो चोर, वर शिरजोर!

मी चुलत सासूबाईंकडे वळले; आमच्याकडे सासूला मामीजी म्हणतात. "मामीजी, हे पान उलटं आहे. दिसलं नाही तुमाले?"

"दिसलं ना वं," त्या म्हणाल्या. "हात थांबला होता माहा. पण तुही वेल आहे म्हणे हा. म्हटलं, तिनं काढलं तं समजूनच काढलं असन."

पुढं मी भांडून सांबा बसवून घेतलंच. पण त्या दिवशी मी कुंकू न लावताच त्या घरून निघाले, आणि मामीजी एकेक पान उसवत बसल्या.