एकविसाव्या पानावरचा ठिपका

माझं लग्न बिजवराशी झालं, हे शहापूरला माझ्या माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं आणि मलाही. पहिली हिवतापानं गेली होती. टोकावड्याजवळच्या सासरी उंबरा ओलांडला आणि सासूबाईंनी माझ्या गळ्यात चांदीचा टाक बांधला. त्यावर एक बाई कोरली होती. ती म्हणजे पहिली. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग मी नेसायचं. सणाचा पहिला घासही तिचा. मला राग यायचा, पण रीतीवर रागावून कुणाचं काय चाललंय?

मला हौस एकच, वाचनाची. हे शाळामास्तर. आठवड्याच्या बाजाराला मुरबाडला जात, तेव्हा तिथल्या वाचनालयातून एक पुस्तक आणत. बायकांनी तिथं जायची पद्धत नव्हती, त्यामुळे माझी निवड म्हणजे यांच्या हाताला लागेल ते. सगळी पुस्तकं एकाच खाकी कापडात बांधलेली, बऱ्याच पुस्तकांची पहिली पानं गेलेली. तेच पुस्तक पुन्हा येऊ नये म्हणून यांनी पहिल्याच आठवड्यात मला एक युक्ती सांगितली. वाचून झालं की एकविसाव्या पानाच्या आकड्याखाली कुंकवाचा ठिपका लावायचा. पुस्तक घेण्याआधी हे तेवढं पान उघडून बघणार. मला ती युक्ती फार आवडली. आपल्या माणसानं आपल्यासाठी काहीतरी शोधून काढलं, असं वाटलं. मी आगकाडीचं टोक ओलं करून मोहरीएवढा ठिपका लावायची.

मग लढाई सुरू झाली. कागद मिळेना, नवी पुस्तकं येईनात. एके दिवशी हे रिकाम्या हातानं आले आणि म्हणाले, आता तुझं वाचायचं काही उरलं नाही. मी म्हटलं, असं कसं होईल? एक कपाटसुद्धा वाचून झालं नसेल माझं. हे पडले मास्तर, पुराव्याशिवाय बोलायचे नाहीत. पुढच्या बाजाराला माझं वाचून झालेलं म्हणून एक पुस्तक घेऊनच आले आणि एकविसावं पान उघडून माझ्यापुढे धरलं.

ते पुस्तक मी जन्मात पाहिलं नव्हतं. ठिपका मात्र होता. फिकट, तपकिरी पडलेला, बोटानं टेकवलेला. बोटाच्या बारीक रेषा त्यात दिसत होत्या.

"हा माझा नव्हे," मी म्हटलं.

ते पुस्तक घेऊन ओटीवर खाली बसले. पहिलीला वाचायला त्यांनीच शिकवलं होतं, म्हणाले. ही युक्तीही आधी तिलाच सांगितली होती. म्हणजे इतके दिवस तिचे ठिपके बघून हे माझी पुस्तकं मागे ठेवत होते. पोरांची अक्षरं तपासणाऱ्या माणसाला एकदाही कळलं नव्हतं की ठिपके दोन हातांचे आहेत. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याहून जास्त अपमान वाटला. लुगडं झालं, घास झाला, आता पुस्तकंही. तिनं वाचलेलं माझ्या नावावर खपत होतं आणि यांना त्यात काही वेगळं वाटत नव्हतं.

चार दिवस मी बोलले नाही. पाचव्या दिवशी म्हटलं, आता तिचा ठिपका असेल तीच पुस्तकं आणा. ठेच लागलेलं बोट आपण पुन्हा पुन्हा दाबून बघतो, तसं माझं झालं.

दुपारी भांडी आवरून पडवीत वाचायला बसले की भीती वाटायची. मला जिथं थांबावंसं वाटे, नेमकं तिथंच पानाच्या कडेला हळदीचं बोट उमटलेलं असे. कुठं पानांत नाचणीचं पीठ, कुठं चुलीतली ठिणगी पडून झालेलं भोक, तेही गोष्ट ऐन रंगात आलेली असताना. माझ्या खांद्यामागे कुणीतरी बसलंय आणि मी हळू वाचते म्हणून वैतागलंय, अशी माझी खात्री होत चालली. वळून बघावं तर कोंबडी.

एकदा तांदूळ निवडताना सासूबाई आपण होऊन बोलल्या. तिच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. लुगडं कबूल केलं, दुसरी आली तरी तुझा मान पहिला असंही कबूल केलं. ऊन डोक्यावर आलं तरी कावळे झाडावरच. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

"काय ऱ्हायलं व्हतं तिचं, ते आमाला नाय कळलं गो," त्या म्हणाल्या. "मरताना पुस्तक मागत व्हती. तापातली बडबड म्हनून आमी नाय दिलं."

कुठलं पुस्तक, म्हणून मी विचारलं. त्यांनी माळ्याकडे पाहिलं.

कणगीच्या मागे, फडक्यात बांधलेलं होतं. यांनी वाचनालयात ते हरवलं म्हणून सांगून बदली दुसरं दिलं होतं. एकविसावं पान कोरं होतं. शेवटाकडे खराट्याच्या हिराची काडी खूण म्हणून घातलेली, पुढे तीसेक पानं राहिलेली.

हे शाळेतून आले, माझ्या हातात ते पुस्तक पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ते राहू दे, एवढंच म्हणाले.

"ती तिथंच थांबलीय हो," मी म्हटलं. "तुम्हाला ती अशीच हवी आहे का?"

मी टाक पदराबाहेर काढला आणि काडीच्या खुणेपासून मोठ्यानं वाचायला लागले. पुस्तकातली माणसं कोण, कशासाठी भांडतात, मला काही कळत नव्हतं. खुणेआधीची सगळी गोष्ट तिला ठाऊक होती. सासूबाईंचे हात सुपात थांबले. हे दारात आमच्याकडे पाठ करून बसले होते. दिवेलागणीला शेवटचं पान आलं तेव्हा माझा घसा कोरडा पडला होता.

कुठं कावळा ओरडला नाही, काही नाही. हे उठले, कुंकवाचा करंडा आणला, एकविसावं पान काढलं आणि आगकाडी मागितली.

"बोटानं," मी म्हटलं. "तिचा बोटानंच असायचा."

त्यांनी बोट कुंकवात बुडवलं, पण त्यांच्यानं ते कागदाला टेकवेना. मी मनगट धरलं आणि टेकवायला लावलं. माझा ठिपका मी लावला नाही. ते पुस्तक मी वाचलंच नव्हतं.