न पाठवलेलं अक्षर

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, नव्वदच्या दशकात नेरूळच्या खाडीकाठी जमिनीतून संदेश पाठवण्याचा जो प्रयोग यशस्वी झाला, तो झालाच नव्हता.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी न घडलेल्या गोष्टीही सांगतो!

आमच्या सेक्टरमध्ये तेव्हा इमारती आल्या होत्या, माणसं यायची होती. मजल्यावर दोनच घरं — आमचं आणि पेठेकाकांचं. काका विधुर, तारखात्यातून निवृत्त. आम्हा दोघांनाही हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचं, वेड. काकांची कल्पना अशी, की जमिनीत दोन सळ्या ठोकायच्या आणि अगदी कमी कंपनांच्या लहरी सोडायच्या. काम इतकं संथ, की मोर्स लिपीतलं एक टिंब म्हणजे पूर्ण मिनिट. अक्षर मी मनाने निवडायचं, बटण दाबत बसायचं. दीड किलोमीटरवर, मिठागराच्या बांधावर, काका हेडफोन लावून.

पण त्या रविवारी परीक्षा जमिनीची नव्हती. डॉक्टरांनी काकांना कानाचं मशीन घ्यायला सांगितलं होतं. काका म्हणाले, "आज अक्षर ऐकू आलं तर मशीन नाही. नाही आलं, तर उद्याच घेतो."

आणि मी? बटणाला हात तरी लावला का? इमारतीमागच्या टपरीवर टीव्हीवर मॅच लागली होती. "बसा हो सायेब, दोनच ओवर हायत," टपरीवाला म्हणाला. दोन ओव्हर — मग आणखी दोन — मग चहा.

काका चिखल तुडवत आले. हातात चिठ्ठी, तिच्यावर एक अक्षर. कुठून ऐकलं त्यांनी ते? तेव्हाच सांगायचं होतं — फार तर शिव्या खाल्ल्या असत्या. मी ओरडलो, "बरोबर!" वर मिठीही मारली. नाटक करायचं तर अर्धवट कशाला?

मशीन आलं नाही. काकांची नाशिकची मुलगी फोनवर ओरडायची. काका म्हणायचे, लाइन खराब आहे. पुढे त्यांनी फोन उचलणंच सोडलं. जिन्यात मी किस्से सांगायचो, ते भलत्याच जागी हसायचे. रोज समोर असायचे — खरं सांगणं मी रोज उद्यावर ढकलायचो.

दोन वर्षांनी मुलगी न कळवता आली. अर्धा तास बेल वाजवत होती. शेवटी माझ्याकडच्या किल्लीने मी दार उघडलं. काका दाराकडे पाठ करून खुर्चीत बसलेले. ती डोळे पुसत त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. काका दचकले, आणि आनंदाने ओरडले, "अगं, बेल तरी वाजवायचीस!"