पहिल्या रांगेतली उजवी खिडकी

आप्पांनी विमानाला होकार दिला तो तीन अटींवर. पाय पसरता आला पाहिजे, खिडकी मिळाली पाहिजे, आणि वरून दौंड दिसलं पाहिजे.

आप्पा म्हणजे माझे वडील, दौंडचे निवृत्त इंजिन ड्रायव्हर. उजवा गुडघा वाकत नाही. धाकटी बहीण मालू हैदराबादला असते. तिचा मुलगा दोन वर्षांचा झाला, पण रात्रभर गाडीत अवघडून बसणं आप्पांना सोसत नाही. नातू त्यांनी फोटोतच पाहिलेला.

"रेल्वेचा पास खिशात आन् तिकीट इमानाचं! यार्डातली पोरं हसतील मला."

मी शिरूरला शाळेत शिकवते. सकाळच्या एस.टी.नं पुणं गाठलं आणि तिकिटांच्या कचेरीत जाऊन बसले. तुम्ही निघणार असाल तर आधी विमान कोणतं ते विचारा. डाकोटा जमिनीवर शेपूट टेकून उभं असतं, आत शिरलं की घाट चढल्यासारखं चालावं लागतं. चार पंख्यांच्या व्हायकाउंटची जमीन सपाट आणि खिडक्या परातीएवढ्या. गुडघ्यासाठी तेच घेतलं.

"पहिल्या रांगेपुढे पाय पसरायला जागा आहे," कारकून म्हणाला, "पण पंख्यांचा आवाज फार. मागे बसा, शांत असतं."

"वडील तीस वर्षं इंजिनावर होते. शांत असलं की त्यांना चैन पडत नाही."

तो हसला. नकाशावर पट्टी ठेवून त्यानंच सांगितलं, दौंड उजवीकडे येईल. "जागांना नंबर नाहीत हं, बाई. आधी चढेल त्याची."

विमान मुंबईहून सुटायचं; तिथपर्यंत रेल्वेच्या पासावरच गेलो. सांताक्रूझच्या विमानतळावर विमानाकडे चालत निघालो, तर लोक भराभर पुढे जायला लागले. आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातात कोंबला.

"पळ, विमल! टाक जागंवर!"

दौंड जंक्शनवर वाढलेली मी. विचार न करता पळाले. चव्वेचाळीस वर्षांची शिक्षिका, एका हातात निऱ्या, दुसऱ्यात टॉवेल. आत एक उंच, सुटातले गृहस्थ नेमक्या त्याच खुर्चीवर टेकायच्या बेतात होते. मी टॉवेल फेकलाच. हवाईसुंदरीनं तो उचलून नीट घडी घातली. "कुणाचा राहिला?"

माझी मान वर होईना.

"राहिला नाही, टाकलाय," ते गृहस्थ म्हणाले. "मी सोलापूरचा. टॉवेल पडला की जागा गेली." आणि मुकाट्यानं मागच्या रांगेत जाऊन बसले.

विमान सुटताना चघळायला गोळ्या आणि कानांत घालायला कापूस मिळतो. आप्पांनी गोळी घेतली, कापूस परत केला. घाट मागे पडला आणि थोड्या वेळानं त्यांनी माझं मनगट धरलं. खाली भीमा. तिच्यावर काडीएवढा पूल, पुलावर धूर सोडत चाललेली गाडी. आप्पांनी घड्याळ पाहिलं.

"धा मिन्टं लेट."

पूल दिसेनासा होईपर्यंत त्यांनी कपाळ काचेला टेकवून ठेवलं. "तीस वर्सं गेलो ह्याच्यावरनं. येवढासाच व्हता व्हय!"

हैदराबादला नातवानं त्या ताठ पायाची घसरगुंडी केली. आठ दिवस आप्पांनी पाय आत घेतला नाही.

परत येऊन महिना झाला. गुडघा आहे तसाच आहे, यार्डातली पोरं हसायची तेवढी हसली. रविवारी दौंडला गेले, तर रुळांकडे तोंड करून असायची ती आप्पांची खुर्ची अंगणात आलेली. पाय लांब पसरलेला, नजर वर आभाळात.

"काय बघताय आप्पा?"

"मालूची गाडी. येळंवर जाती का, बघतोय."