आपल्यातल्या बाई

इंदूरला बडा गणपतीजवळ राहणाऱ्या पद्मजाताई मोघे एकतीस वर्षं शाळेत शिकवून रिटायर झाल्या आणि दुसऱ्याच महिन्यात वस्त्यावस्त्यांतून मुलींच्या तस्करीबद्दल सांगत फिरू लागल्या. स्वस्थ बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. कोणी नोकरी देतो म्हणाला, तर आधी पत्ता मागा, आधार कार्डाची कॉपी घ्या, हे त्या इतक्यांदा सांगत की त्यांच्याकडे भांडी घासणाऱ्या सुनीतालाही ते तोंडपाठ झालं होतं.

आणि नेमकी त्यांच्याच घरी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, ती निवेदिता आली. पुण्याची, चापूनचोपून नेसलेली, न अडखळता उखाणा घेणारी. इंदूरच्या आम्हा मराठी लोकांची भाषा निम्मी हिंदीत वाहून गेलेली; अशी स्वच्छ मराठी कानावर पडली की आम्ही विरघळतो, आणि अक्कल गहाण पडते ती तिथेच.

पुण्यात एका आजींना सांभाळायला मुलगी हवी आहे, असं निवेदिता म्हणाली. सुनीताच्या मुलीचं, रुचीचं नाव पद्मजाताईंनीच सुचवलं. रुची अठरा वर्षांची. त्यांच्याच स्वयंपाकघरात पाटावर बसून शिकली, बारावी पास झाली.

"दीदी, इनका पता तो ले लो," सुनीता दबक्या आवाजात म्हणाली. "आप ही तो सबको बोलते हो."

"अगं, आपल्यातल्या बाई आहेत त्या. पता मांगना अच्छा दिखेगा क्या?"

रुची निवेदिताबरोबर गेली. तिचे दोन फोन आले. तिसऱ्या आठवड्यात फोन बंद झाला.

पोलीस ठाण्यात साहेबांनी निवेदिताचं आडनाव विचारलं. पद्मजाताईंना तिला कुंकू लावलेलं आठवत होतं, आडनाव आठवेना. ती कोणाबरोबर आली होती, तेही कळेना. प्रत्येकीला वाटलं होतं, दुसरीची मैत्रीण असेल. फोटो एकच निघाला, त्यातही ती वाण घ्यायला वाकलेली, चेहरा पदराआड. तिचा नंबर कुठल्या तरी भलत्याच माणसाच्या नावावर होता.

याला चौदा महिने झाले. पद्मजाताई दोनदा पुण्याला जाऊन हात हलवत परत आल्या. सुनीता अजून रोज येते, भांडी घासते, जाते. तिने चार शिव्या हासडल्या असत्या, तर पद्मजाताईंना बरं वाटलं असतं.

परवा देपालपूरला सभा होती. सुनीता सोबत आली आणि रुचीचा फोटो छातीशी धरून मागे बसली. पद्मजाताईंनी पहिल्यांदाच सगळं सांगून टाकलं. मुलीला मीच पाठवलं, पत्ता मीच मागितला नाही, लाज वाटली म्हणून. बायकांनी पदराने डोळे पुसले.

सभा संपल्यावर एक बाई आपल्या मुलीचा हात धरून पुढे आली.

"मैडमजी, इसके लिए सूरत से काम आया है. आप उस आदमी से एक बार फोन पे बात कर लो. आप हाँ बोल दोगे तो भेज देंगे."

पद्मजाताईंनी जोरात मान हलवली. "अभी मैंने क्या बताया? मेरे बोलने पे मत भेजो."

"आप पे भरोसा है, मैडमजी," बाई हात जोडून म्हणाली.

मागे सुनीता फोटो पिशवीत ठेवत होती. तिने मान वर केली नाही.

"मेरे को भी था," ती म्हणाली.