ओल्शावाचं धुकं

लुत्सिना व्रोना आमच्या ओल्शावाच्या शाळेत धर्म शिकवायची आणि मी भूगोल. आमचे वर्ग शेजारी होते, मधली भिंत पातळ. दर सप्टेंबरात, मरियामातेच्या सणाआधी, ती मुलांना धुक्याची गोष्ट सांगायची आणि तेवढा वेळ माझ्या वर्गातली मुलंही नकाशा सोडून भिंतीकडे कान लावायची.

गोष्ट गावात सगळ्यांना पाठ. साडेतीनशे वर्षांपूर्वी स्वीडनचं सैन्य गाव जाळायला निघालं. लोक देवळातल्या मरियामातेच्या चित्रापुढे गुडघे टेकून बसले. नदीवरून असं धुकं उठलं की सैन्य रात्रभर रानात भरकटलं आणि सकाळी स्वतःच्याच छावणीत येऊन पोचलं. घोड्यांच्या टापा आल्या की लुत्सिना आवाज खाली आणायची. तिच्या आजीनं तिला ही गोष्ट तशीच सांगितली होती, आणि ती घडलेली आहे याबद्दल तिच्या मनात कधी शंका आली नव्हती.

औषधाच्या दुकानवाल्या पिरेकांची कोर्नेलिया सातवीत होती त्या वर्षी गोष्ट संपल्यावर तिनं हात वर केला. मुलगी आगाऊ नव्हती. बाकाखाली फोन होता, तो तिनं सरळ वर काढला.

"बाई, यात लिहिलंय की सैन्य नदीच्या पलीकडूनच परत गेलं. आपल्याकडे आलंच नाही."

"कशात लिहिलंय?"

"जिल्ह्याच्या म्युझियमच्या साइटवर. आणि आपलं चित्र त्यानंतर शंभर वर्षांनी काढलंय म्हणे."

मागून कुणीतरी विचारलं, "मग धुकं हवामान खात्यानं पाडलं का?" वर्ग हसला. लुत्सिनाही हसली, बघून सांगते म्हणाली आणि तास संपवला.

तिनं खरंच बघितलं. दोन दिवसांनी घरी जाताना तिनं मला सांगितलं की हेच धुकं आणखी चार गावांत पडलं आहे. एका ठिकाणी स्वीडनच्या जागी तातार आहेत, बाकी घोड्यांच्या टापांसकट सगळं तेच. मी म्हटलं, लोककथा अशाच फिरतात. ती म्हणाली, मी लोककथा म्हणून शिकवत नव्हते.

मग ती आमच्या देवळाचे फादर व्हिएस्वाव यांच्याकडे गेली. तिचं लग्न त्यांनीच लावलेलं. माणूस चांगला, देवळाचं छप्पर त्यांनी स्वतः शिडीवर चढून दुरुस्त करून घेतलं होतं, आणि मागच्या अंगणात ते मधमाश्या पाळायचे. ती गेली तेव्हा ते पेट्यांपाशीच होते. त्यांनी ऐकून घेतलं, तोंडावरची जाळी वर केली. पुढचं बोलणं तिनं मला जसंच्या तसं सांगितलं, आणि एकदाच नाही.

"अगं, सैन्य आलं नव्हतं हे मला इथं आलो तेव्हापासून ठाऊक आहे. आधीच्या फादरांनी सांगितलं होतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू इतकी छान सांगायचीस. कुणाचं काय बिघडत होतं?"

"फादर, मी ते मुलांना खरं म्हणून सांगत होते."

"पोरी, माता खरी आहे ना? मग धुक्याचं काय घेऊन बसलीस."

घरी आल्यावर मात्र तिच्या मनात दुसराच प्रश्न उभा राहिला: यांना आणखी काय काय ठाऊक आहे, जे मला नाही?

पुढच्या तासाला तिनं मुलांना सांगितलं की कोर्नेलियाचं बरोबर आहे. संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. बेकरीत एका म्हातारीनं तिला सगळ्यांदेखत विचारलं, "का गं, आता मातेचाही पंचनामा करणार का?" लुत्सिना पाव घेऊन निघून आली.

त्या हिवाळ्यात ती वाचत राहिली. नवरा रिशार्द लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, घरात निवांतपणा होता. बायबलमधली शुभवर्तमानं कुणी लिहिली, कधी लिहिली, कोणत्या संताचं अस्तित्वच संशयास्पद आहे. तिला काहीच शोधावं लागत नव्हतं. एक पान वाचलं की फोन पुढची तीन आणून ठेवायचा. त्यांतली काही अभ्यासकांची होती, काही निव्वळ शिव्याशापांची, आणि सुरुवातीला तिला फरक कळत नसे. जपमाळ हातात घेतली की प्रत्येक मण्याला शंका येते, असं ती मला म्हणाली, तक्रार करावी तसं नव्हे, गुडघा दुखतो म्हणून सांगावं तसं.

उन्हाळ्यात तिनं धर्माचे तास सोडले. फादर मधाची बरणी घेऊन समजावायला आले. तिनं चहा केला, मध ठेवून घेतला, निर्णय बदलला नाही. मुख्याध्यापिकेनं तिला शाळा सुटल्यावर थांबणाऱ्या लहान मुलांवर देखरेखीचं काम दिलं. धर्माचा तास तसाही ओस पडत चालला होता. मोठी मुलं पालकांची सही आणून नाव काढून घेत होती. कोर्नेलियानं सगळ्यांत आधी काढलं होतं.

पुढच्या सणाला फादरांनी प्रवचनात धुक्याची गोष्ट सांगितली, नेहमीसारखीच. फक्त सुरुवातीला दोन शब्द जोडले: "असं म्हणतात." गर्दीत कुणाच्या लक्षात आलं नाही. लुत्सिनानं माझा दंड दाबला.

कोर्नेलिया आता क्राकूवला विद्यापीठात शिकते. गेल्या ईस्टरला ती भेटली तेव्हा कळलं की ती रोज देवळात मिस्साच्या प्रार्थनेला जाते, विद्यार्थ्यांच्या गायकवृंदात गाते. एका मठवासी साधूची भाषणं तिनं फोनवर ऐकली, मग सगळी ऐकली, आणि त्यांतून ती श्रद्धेकडे परत वळली. तो साधू अवघड प्रश्न लपवत नाही, असं ती म्हणाली. लुत्सिनाला तिनं त्या भाषणांचे दुवे पाठवायची तयारी दाखवली.

"पाठव," लुत्सिना म्हणाली. ऐकली की नाही, मी विचारलं नाही.

ती अजून रविवारी देवळात येते. आम्ही शेजारी बसतो. "मी मानतो" असं म्हणत सगळे उभ्यानं श्रद्धेची कबुली देतात तेव्हा तीही उभी राहते, म्हणते, मध्येच एखाद्या ओळीला ओठ मिटून घेते आणि पुढच्या ओळीला पुन्हा लोकांबरोबर सुरू करते. मिटायची ओळ दर रविवारी तीच असते असं नाही.