माशांचं आजोळ

खांदा कॉलनीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट अशी, की दुसऱ्या मजल्यावरची आशालता काकी दर सोमवारी नेरे गावच्या कुठल्याशा बुवाकडून भारलेलं पाणी आणते. गोडेतेलाचे दोन पांढरे कॅन, तोंडाला फडकं बांधलेलं. तळमजल्यावरची नीता काकू हे सांगताना आधी जिन्याकडे बघते, मग आवाज इतका खाली आणते की तो तिसऱ्या मजल्यावरही स्वच्छ ऐकू येतो. "मी काही डोळ्यांनी बघितलेलं नाही हं. पण निकेशला बंगलोरची नोकरी काय अशीच लागली? आणि त्यांचे हे बघ. एक शब्द बोलत नाहीत हल्ली."

काका आधीही बोलत नव्हते. त्यांना बातम्या ऐकायच्या असतात.

बुवाबिवा कोणी नाही. ते पाणी सगळंच्या सगळं माशांच्या टाकीत जायचं. त्यातला एक कॅन बऱ्याचदा मीच जिना चढवून आणलेला आहे, त्यामुळे माझं ऐका.

मासे काकीच्या मुलाचे, निकेशदादाचे. निऑन टेट्रा म्हणतात त्यांना. गोधडीच्या सुईएवढे, अंगावर निळी झगझगीत रेघ आणि शेपटीकडे लाल. टाकीत हिरवंगार पाणगवत, एक वाकडं लाकूड, आणि त्यातून हे सगळे एकदम वळतात, जणू कोणीतरी शिट्टी मारली. दादा बंगलोरला जाताना काकीला सगळं शिकवून गेला आणि अजून व्हिडिओ कॉलवर शिकवतोच आहे. "आई, हे शोलिंग फिश आहेत, ओके? एकटे राहिले की स्ट्रेस येतो. त्यांना ग्रुप लागतो."

काकी "हो रं बाबा" म्हणते. फोन ठेवला की मला म्हणते, "ग्रुप लागतो म्हनं. आन सोता गेला एकटा."

काकी आगरी. तिच्या जावा आल्या की टाकीसमोर उभ्या राहून हसतात. "खायचं नाय, इकायचं नाय, तं पालायचं कशाला?" काकीही हसते. पण मांदेली तळायला घेतली की टाकीवर टॉवेल टाकते. का, असं एकदा विचारलं तर म्हणाली, "त्यांना कशाला दाखवायचं आपलं?"

दादा गेल्यावर पहिल्यांदा तिनं पाणी बदललं ते थेट नळाचं. गवत कुजलं, मासे पांढुरके पडले, काही मेलेही. त्याच आठवड्यात ती नेऱ्याला जाऊन आली होती आणि प्यायला म्हणून वडिलांच्या विहिरीचं पाणी बाटलीतून आणलं होतं. काय वाटलं कोण जाणे, ते तिनं टाकीत ओतलं. दोन-तीन दिवसांत निळ्या रेघा परत पेटल्या. तेव्हापासून तिचा सोमवार लागला. पेल्यानं हळूहळू पाणी सोडायची, मासे धारेखाली गोळा व्हायचे, आणि ती म्हणायची, "घ्या रं, आजोलचं पानी."

आता हे आजोळ म्हणजे एक फार्महाऊस आहे.

नेऱ्यातली जमीन काकीच्या वडिलांची. ते गेल्यावर काकीनं भावाला, कमळाकरमामाला, हक्कसोड लिहून दिलं. तिकडच्या गावांत बहिणी देतात. वाटा मागितला तर माहेर तुटतं, असं त्याच एकमेकींना सांगतात. पुढे मामानं सगळं विकलं आणि पनवेलात बंगला बांधला. हे तिनं मला रिक्षात सांगितलं, रस्त्याकडे बघत, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. "मी सई दिली माहेर राव्हावं म्हनून. त्यानं इकलं ते माहेरच." भाऊबीजेला मामा गाडी पाठवतो. गाडी रिकामी परत जाते.

राहिली ती विहीर. काकी तिला बाव म्हणते. ती फार्महाऊसच्या कंपाउंडच्या आत आली. वॉचमन देवेश चांगला माणूस आहे. "आ जाओ मौसी," म्हणायचा आणि छोटं फाटक उघडायचा. विहिरीवर पंप आहे, पण काकी दोर-बादलीनंच पाणी काढायची. काठाच्या दगडाला दोराच्या घळी पडल्या आहेत. त्यातली एक तिच्या आईची आहे, असं तिचं म्हणणं. ती नेमकी त्याच घळीतून दोर सोडायची.

गेल्या महिन्यात मी तिच्यासोबत गेले, तर मालकीणबाई मुंबईहून आलेल्या. टोपी, गॉगल, आणि बोलणं सगळं दह्यात साखर. "अहो, घ्या ना पाणी, पाण्याचं काय एवढं! फक्त विहिरीपाशी प्लीज नको हं, सेफ्टी इश्यू होतो. नेक्स्ट वीक वरून स्लॅब टाकतोय आम्ही. छान सिटिंग होणारे इथे. गेटच्या बाहेर नळ काढून देते, एनी टाइम भरा. सेम वॉटर. पंप ह्याच विहिरीवर आहे."

काकीनं विचारलं, "बुजवनार नाय ना?"

"छे छे. खाली असणारच ना ती."

काकी "बरं" म्हणाली. कॅन भरले, फडकी बांधली. मग उगाचच आणखी एक बादली काढली आणि आळूच्या पानांना घातली.

परत येताना ती रिक्षात कॅनची फडकी पुन्हा पुन्हा आवळत होती. तिला हसवावं म्हणून मी बाईंचा आवाज काढला. "सेम वॉटर, काकी. एनी टाइम." ती हसली खरी. मग म्हणाली, "नाय यायचं गो आता."

"का? पाणी तेच आहे की."

"माज्या बापाच्या दारात, भायेर हुबी राहून नलावर भरू?"

"मग माशांचं काय?"

"कॉलनीचं पानी."

"फिके पडतील. मागे मेले होते. पैज लाव."

"काय होत नाय," काकी म्हणाली. "पोरी नांदतात तशे नांदतील."

पैज भेळेची लागली. मला ती जिंकायचीच होती. मासे फिके पडले असते तर तिला नेऱ्याला जावंच लागलं असतं, नळावर का होईना.

काकीनं गॅलरीत दोन बादल्या मांडल्या. नळाचं पाणी क्लोरीन उडून जावं म्हणून दोन दिवस उघडं ठेवायचं, त्यात बागेमागच्या बदामाचं वाळलेलं पान टाकायचं, असं दादानं या वेळी कॉलवर बजावलं होतं. पाणी चहासारखं व्हायचं. मी रोज क्लासवरून आले की काचेला नाक लावून बसायचे. एकदा म्हटलं, "काकी, हा कोपऱ्यातला बघ. फिका पडलाय."

ती भाकरीच्या पिठाचे हात घेऊन धावत आली. माझ्या शेजारी खाली बसली. "कंचा? हाय का फिका?" तिचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. दिवाळीला माहेराहून गाडी घेऊन कोण आलंय, असं विचारणाऱ्या पोरीसारखा. "नीट बघ गो मनू. हाय ना?"

आम्ही दोघी बघत राहिलो. तो मासा पानाच्या सावलीत होता. जरा वेळानं बाहेर आला, बाकीच्यांत शिरला, आणि आता कुठला तो, ते मला सांगता येईना. सगळ्यांच्या रेघा निळ्याच होत्या.

"नाय," काकी म्हणाली. "झ्याक हाय." आणि पीठ वाळायच्या आत उठून गेली.

महिना झाला. गवताला नवे फुटवे आले, मासे लठ्ठ झाले. काल मी हरल्याचं कबूल केलं आणि कोपऱ्यावरून भेळ आणली. काकीनं टाकीसमोर बसून शेवटच्या कुरमुऱ्यापर्यंत खाल्ली. तिखट कमी हाय, म्हणाली.